दुसरी मंजुरी

‘एक टाकू ना?’

एवढाच प्रश्न होता, सकाळी आमच्या मदतपानाखाली आलेला. त्याच्यासोबत मोबाईलवर काढलेला फोटो होता: कॉम्प्युटरचा पडदा, त्यावर आमचं सॉफ्टवेअर उघडलेलं आणि ‘ताकद’ नावाच्या रिकाम्या रकान्यात थांबलेला कर्सर. फोटोच्या वर चार ओळी. ‘आज आमच्यात उरूस आहे. माणसं लई येणार म्हणून क्लोरीनचा डोस वाढवायचाय. पानावर लिहिलंय, डोस बदलताना आधी ताकद पुन्हा भरा, साधारण एक. पण आमच्यात हा रकाना चाळीसपर्यंत आकडे घेतोय. चारला गावात पाणी सोडायचं, तवा पान समोर ठिवून करते.’

विचारणारीनं स्वतःचं नाव ‘पाणीवाली_आर’ असं घेतलं होतं. गावाचं नाव नाही, फोन नंबर नाही. आणि खाली आमच्याच एका उत्साही स्वयंसेवकाचं उत्तर: ‘हो ताई, बिनधास्त. पानावर आहे तसंच करा.’

मी तेव्हा साताऱ्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत असे. दुपारचा चहा समोर होता. सवयीनं फोटो मोठा करून पाहिला. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘निवळी २’ असं होतं. चहा तसाच राहिला.

‘निवळी’ हे आमचं मुक्त सॉफ्टवेअर. पूर्वी गढूळ पाणी निवळायला भांड्याला आतून निवळीची बी घासायचे, त्यावरून ते नाव. छोट्या गावांच्या नळपाणी योजनांसाठी जयदीप सासवडे नावाच्या पुण्याच्या मुलानं ते लिहिलं आणि जगासाठी मोकळं सोडलं. कुणीही फुकट घ्यावं, वापरावं, बदलावं, पुढच्याला द्यावं. क्लोरीनचं द्रावण पाण्यात सोडणारा पंप किती वेगानं चालवायचा हे ते ठरवायचं. ते कसं वापरायचं हे सांगणारी मराठी मदतपानं आम्ही स्वयंसेवक लिहायचो, आणि ती पानं राखायचं काम माझ्याकडे होतं. मी रसायनशास्त्राची. कोड मला लिहिता येत नाही, पण एखादं वाक्य वाचून माणूस काय करील हे बऱ्यापैकी कळतं, अशी माझी समजूत होती.

जुन्या निवळीत, म्हणजे दोन नंबरच्या आवृत्तीत, ‘ताकद’ म्हणजे विकत आणलेल्या औषधाची ताकद. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, असेल तर पोत्यावर छापलेले तेहतीस टक्के. नव्या, तीन नंबरच्या आवृत्तीत जयदीपनं ते बदललं. तिथं टाकीत पातळ केलेल्या द्रावणाची ताकद भरायची, साधारण एक टक्का. पान नव्या आवृत्तीचं होतं आणि अगदी बरोबर होतं. जुन्या आवृत्तीची पानं आम्ही महिन्यापूर्वीच्या शिबिरात सर्वांनुमते काढून टाकली होती. दोन-दोन पानं असली की लोकांचा गोंधळ होतो, असं ठरलं होतं.

आता ही बाई जुन्या निवळीत ‘एक’ भरणार. निवळीला वाटणार, औषध अगदीच पाणीदार आहे. मग ते पंपाला सांगणार, सोड जोरात. आणि उरुसाच्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या घराघरांत, घशाला आग लागेल असं पाणी जाणार. लहान मुलं तेच पिणार.

तीन वाजून गेले होते.

मी आधी त्या उत्साही उत्तराच्या खाली लिहिलं, ‘टाकू नका. कृपया लगेच संपर्क करा.’ मग ते उत्तरच पुसून टाकलं. मग जयदीपला फोन लावला.

“बोल हेमांगीताई. मी नाशिकला आहे, बहिणीच्या सासरी. आवाज येतोय का? इथं सगळे एकदम बोलतायत.”

“बाहेर ये.”

तो बाहेर आला. मी सांगितलं.

“दोन नंबर अजून कोण वापरतं?” तो म्हणाला.

“ते तू मला सांगायचंस.”

“मला कसं माहीत असणार? पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर गेलंय ते. मला नऊ-दहा गावं ठाऊक आहेत. बाकीची कुणाला विचारू?”

“तिचा ईमेल असेल ना तुझ्याकडे?”

“थांब, बघतो.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “आहे. पण कुणा ‘सोहेल रॉयल किंग’ नावाचा आहे. भाचाबिचा असेल. पाठवतो मेल. तो काय चारच्या आत बघतोय!”

“उरूस आज कुठंकुठं आहे?”

“ताई, मी देवधर्म न करणारा माणूस. मला विचारू नकोस.”

मी शोधून पाहिलं होतं. त्या आठवड्यात आमच्या दोन-तीन जिल्ह्यांतच कितीतरी ठिकाणी उरूस होते.

तिच्यापर्यंत जाणारी एकच वाट आम्हाला ठाऊक होती. चार वाजता ती पान उघडणार होती. ते पान आमच्या हातात होतं.

“काढून टाक पान,” जयदीप म्हणाला.

“काढलं तर ती सकाळी वाचलेलं आठवून करील. वर ‘बिनधास्त’ असं उत्तर मिळालंय तिला. पानावर दुरुस्तीच लिहायला हवी.”

“मग लिही आणि टाक.”

इथं आमचा एक नियम आडवा येत होता. पानावरचा कुठलाही बदल, अगदी एका शब्दाचा असला तरी, लिहिणाऱ्यानं स्वतः चढवायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी तो वाचायचा, करून पाहायचा, आणि मंजूर करायचा. त्याशिवाय तो लोकांना दिसतच नसे. पानं राखणाऱ्या बाईलाही यातून सुटका नव्हती. नियम मीच आणला होता.

“मी मंजूर करतो,” जयदीप म्हणाला. “माझ्याकडे सगळ्या किल्ल्या आहेत. तू लिही, मी डोळे मिटून बटण दाबतो.”

“डोळे मिटून दाबशील म्हणूनच नको.”

“तत्त्वं संध्याकाळी, ताई. आधी माणसं.”

“तिला पान चारला दिसणार आहे. आत्ता चढवलं काय आणि पावणेचारला चढवलं काय, तिच्या दृष्टीनं सारखंच. तेवढ्यात कुणी वाचणारं मिळतंय का बघते. नाही मिळालं तर तू दाब.”

“पावणेचार म्हणजे पावणेचार हं. मी फोन हातातच ठेवतो.”

मी मजकूर लिहायला बसले. ‘तुमच्याकडे निवळी २ असेल तर या रकान्यात एक भरू नका. पोत्यावर छापलेली टीसीएल पावडरची ताकद भरा. ती साधारण तेहतीस असते.’ मग ते का, याची तीन वाक्यं. वाचून पाहिलं. स्वच्छ होतं.

मंजुरी देऊ शकणारे आम्ही पाच जण होतो. एकजण कॅनडात, तिथं पहाटही झालेली नव्हती. एकीचं आदल्या दिवशीच बाळंतपण झालेलं. जयदीप आणि मी. राहिले तांबवेकर सर.

यशवंत तांबवेकर खेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. शिबिरात मी त्यांचं एक पान तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं, कारण ते त्यांनी अनोळखी माणसाच्या हातून करून घेतलं नव्हतं. “तीस वर्षं पोरांना शिकवतोय. माझं वाक्य पोराला कळतं की नाही हे मला तुम्ही सांगणार?” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. मी म्हटलं, “नियम सगळ्यांना सारखा आहे, सर.” त्यावर ते म्हणाले, “बाई, तुम्ही पानं राखता की सोवळं पाळता?” लोक हसले. त्या रात्रीच ते आमच्या ग्रुपमधून बाहेर पडले. मंजुरी देणाऱ्यांच्या यादीतून त्यांचं नाव काढायचं मात्र राहून गेलं होतं.

मी फोन लावला. बराच वेळ वाजला.

“सर, मी हेमांगी कारखानीस.”

“हां. चौथ्यांदा परत पाठवायला फोन केलात?”

“नाही सर. एक पान मंजूर करून हवंय. फार घाई आहे.”

“तुम्हाला आणि घाई?”

मी ऐकून घेतलं. मग एका दमात सगळं सांगितलं. मागून मुलांचा गलका ऐकू येत होता, मग दार लागल्याचा आवाज आला आणि गलका बंद झाला.

“पाठवा,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. सहा-सात वाक्यं तर होती. मी पडद्यावरच्या त्या जागेकडे बघत राहिले, जिथं मंजुरी मिळाली की हिरवी खूण येते. खूण आली नाही. माझ्या मागे सुलभाताई काचेची भांडी विसळत होत्या. पंचवीस वर्षं त्या तेच काम करत होत्या आणि पाठीला डोळे असल्यासारखं त्यांना सगळं कळायचं.

“कुणाचं सीरियस आहे का, मॅडम?”

“नाही हो.”

“मग बसा तरी. मघापासनं उभ्या हाय.”

मी उभी आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बसले. जयदीपचा मेसेज आला: ‘दाबू का?’ मी लिहिलं, ‘थांब.’

सरांना परत फोन केला.

“सर, वाचलंत का?”

“वाचलं. तुम्ही हे जुन्या निवळीवर करून पाहिलंत?”

“माझ्याकडे जुनी निवळी नाहीये. पण मला ती पाठ आहे.”

“पाठ आहे म्हणजे करून पाहिलेलं नाही.”

“सर, वेळ नाहीये.”

“माझ्या पानाच्या वेळी भरपूर होता.” ते चालत असावेत, श्वास लागलेला ऐकू येत होता. “आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर दोन नंबर आहे. शिपायाकडं किल्ली आहे आणि शिपाई चहाला गेलाय. शोधतोय त्याला. ठेवा.”

फोन बंद झाला.

खरं सांगायचं तर त्या वेळी मला एकच वाटलं: हा माणूस सूड उगवतोय. बरोबर माझाच नियम, माझ्याच शब्दांत, माझ्यासमोर वाचून दाखवतोय, आणि तिकडे कुठल्यातरी गावात एक बाई पंपघराकडे निघालीय. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त राग याचा आला की ते चूक बोलत नव्हते.

भिंतीवरचं घड्याळ आमच्याकडे पाच मिनिटं पुढे असे. मी त्याच्याकडे बघून दचकायचे आणि मग मोबाईलकडे बघायचे. जयदीपचा फोन आला.

“पावणेचार झाले.”

“हो.”

“दाबतो.”

“एकच मिनिट.”

“ताई, मागच्या वेळेपासून तुमच्या दोघांत जे काय आहे ना, त्यात त्या गावाचा काय संबंध? तो माणूस मुद्दाम करतोय.”

“तसंही असेल.”

“मग?”

“दुसरा फोन येतोय. ठेवू नकोस, थांब.”

तो सरांचा होता. मी तिघांचा एकच फोन जोडला.

“तुमचा मजकूर आकडेमोडीला बरोबर आहे,” सर म्हणाले. “करून पाहिला. तेहतीस टाकलं की पंपाचा वेग ठीक येतो.”

“मग मंजूर करा, सर!” जयदीप जवळजवळ ओरडलाच.

“हा कोण?”

“मी जयदीप.”

“जयदीप, जरा गप्प बस. बाई, तुम्ही तिनं पाठवलेला फोटो बघितलात?”

“बघितला. त्यावरूनच तर आवृत्ती कळली.”

“पडदा बघितलात. काचेत काय दिसतंय ते बघितलंत का? उजवीकडं खाली. पडद्याचा उजेड कमी आहे, खोलीतलं उमटलंय त्यात.”

मी फोटो उघडला, मोठा केला. ठिपक्याठिपक्यांचं झालं. जरा लहान केला. उजव्या कोपऱ्यात, पडद्याच्या काळ्या पट्टीत, काहीतरी निळं उमटलं होतं. गोलसर खांदे, वर काळं झाकण.

“कॅन आहे,” मी म्हटलं.

“कसला?”

निळ्या कॅनमधून हायपो येतं. पातळ औषध. त्याची ताकद दहा-बारा टक्के, टीसीएलच्या एक तृतीयांश. आमच्या माहितीतली सगळी जुनी गावं टीसीएल वापरायची, म्हणून मी पोतं धरून चालले होते. ती हायपो वापरत असेल आणि माझं वाचून तिनं तेहतीस भरलं, तर औषध पाण्यात हवं त्याच्या तिसऱ्या हिश्शानं जाणार. उरुसाची गर्दी, बाहेरून आलेली माणसं, उघड्यावर केलेला स्वयंपाक आणि नळाला जवळजवळ बिनऔषधाचं पाणी. जास्त क्लोरीन निदान नाकाला कळतं. हे कुणालाच कळलं नसतं.

“हायपोचा असेल,” मी म्हटलं.

“असेल. किंवा पिण्याच्या पाण्याचाही असेल. मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं?”

“नाही.”

“मग तेहतीस कशाच्या जोरावर लिहिलंत?”

मागे सुलभाताईंनी नळ बंद केला.

“दोन्ही लिहू,” मी म्हटलं. “टीसीएल असेल तर तेहतीस, हायपो असेल तर कॅनवर असेल ते. आणि पावडर जुनी असेल तर...”

“आणि ती हे सगळं कधी वाचणार? टाकी भरलेली, खाली माणसं हंडे घेऊन उभी. तुम्ही तिच्या जागी असतात तर तिसऱ्या वाक्यापर्यंत गेला असतात का?”

“मग काय लिहू, सर?”

आयुष्यात मी फार थोड्या लोकांना असं विचारलं आहे.

“थांबा म्हणून लिहा. एवढंच.”

मी टाइप करू लागले. ‘थांबा. तुमच्या पडद्यावर निवळी २ लिहिलेलं असेल तर या पानावरचं काहीही करू नका. काल होतं तसंच राहू द्या.’ पुढे कारणाचं वाक्य सुरू केलं होतं.

“कारण काढा,” सर म्हणाले. त्यांना माझा मसुदा तिकडे दिसत होता. “कारण वाचायला लागलं की माणसाला वाटतं आपल्याला समजलं, आणि मग तो थांबत नाही. कालचा डोस आजच्या दिवसाला चालेल का?”

“चालेल. जरा कमी पडेल, पण चालेल. वाढवायचा तर तिच्याशी बोलूनच वाढवायला हवा.”

“मग बोलायची सोय करा. फोन नंबर टाका. माझा टाका.”

हाही आमचा एक नियम होता: पानावर कुणाचाही खासगी नंबर द्यायचा नाही. सुरुवातीच्या काळात एका मुलीनं तिचा नंबर दिला होता. तिला येऊ नयेत ते फोन येत राहिले, शेवटी तिनं सिमकार्ड बदललं आणि आमचं कामही सोडलं. तिनं सोडलं त्या दिवशी मी तो नियम लिहिला होता.

“तुम्ही कॉलेजात कुठं उभे आहात, सर?”

“जिन्यात. प्रयोगशाळेत रेंज येत नाही.”

“मग तुमचा नको. फोन आला आणि लागला नाही तर काय करायचं?”

मी माझा नंबर लिहिला. लिहिताना उगाच एकेक आकडा तोंडानं म्हटला.

“तुमचाच नियम मोडताय,” सर म्हणाले. “कळतंय ना?”

“कळतंय.”

“नंबर बरोबर आहे? तपासलात?”

“सर, माझाच आहे.”

“म्हणून तर विचारतोय. तुम्ही तो कधी लावत नाही. मी लावून बघतो.”

ते फोनवरून गेले. क्षणभरात माझा फोन दुसऱ्यांदा थरथरला, पडद्यावर त्यांचं नाव आलं आणि लगेच गेलं. मग त्या रिकाम्या जागेत हिरवी खूण आली.

जयदीप अजून फोनवर होता. “चढलं,” तो म्हणाला. “मला दिसतंय.” आणि मग, अगदी हळू, “ताई, तिनं पान सकाळपासून उघडंच ठेवलं असलं तर? तसंच पडद्यावर असेल ते. जुनंच.”

मी फोन ठेवून दिला.

चार वाजले. चार वाजल्यावर काय करतात ते मला माहीत नव्हतं. मी नमुन्यांच्या बाटल्या उगाच एका रांगेत लावल्या. सुलभाताईंनी न विचारता नवा चहा आणून ठेवला आणि त्या गेल्या नाहीत, तिथंच स्टुलावर बसल्या. हातातलं फडकं त्यांनी घडी करून मांडीवर ठेवलं.

फोन वाजला. मी झडप घातली.

“आला का?” जयदीपनं विचारलं.

“ठेव रे! लाइन मोकळी ठेव!” मी त्याच्यावर पहिल्यांदाच ओरडले. सुलभाताईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं.

मी मनाशी हिशेब मांडत होते. चावी फिरवून पाणी पहिल्या घरापर्यंत जायला वेळ लागतो. उंचावरच्या टाकीतलं पाणी आधी खालच्या आळीत जातं. तिथं कोण राहतं? आज कुणाकुणाकडे पाहुणे उतरलेत? मला त्या गावाचं नावही ठाऊक नव्हतं आणि त्याची खालची आळी मात्र डोळ्यांसमोर दिसत होती.

फोन वाजला. अनोळखी नंबर.

“हॅलो, कोन बोलतंय?” बाईचा आवाज. मागे मोटारीची घरघर आणि दूरवर ताशा.

“मी निवळीच्या मदतपानावरून बोलतेय. हेमांगी.”

“हां, मी रुक्साना मुजावर. सोनकुरळीतनं. पानावर थांबा म्हणून लिवलंय, म्हणून थांबलेय. सकाळी न्हवतं तसं. टाकी भरलीया, पाणी सोडायचं हाय, खाली समदे बोंबलाय लागलेत. काय करू?”

“रकान्यात काही टाकलंत?”

“एक टाकलेला. दाबायच्या आधी म्हटलं पान एकदा परत बघू.”

“तो पुसा. आधी तो पुसा.”

“पुसला.”

“आता सांगा, औषध कुठलं वापरता? टीसीएल की हायपो?”

“हायपो. टीसीएल बंद करून झाली की दोन वर्सं. त्या पोत्याच्या धुरळ्यानं दम लागायचा मला, म्हणून भांडून बंद करवलं.”

सुलभाताई उठून जवळ आल्या.

“कॅनवर टक्के किती लिहिलेत? वाचून सांगा.”

“थांबा, बघते.” पावलांचा आवाज, पत्र्याचं दार. “धा.”

“दहा. नक्की दहा? खाली तारीख आहे का बनवल्याची?”

“अवो ताई, धाच हाय, एक आणि शून्य. तारीख मागच्या म्हयन्याची. तुमी असं बोलताय, काय झालंय का?”

“काही झालेलं नाही. रकान्यात दहा भरा. आता डोस अगदी थोडा वाढवा, मी सांगते तेवढाच. आणि पाणी सोडायच्या आधी टाकीतलं पाणी क्लोरोस्कोपमध्ये घेऊन रंग बघा. फोन चालूच ठेवा.”

तिनं ते सगळं न घाबरता केलं. मध्येच कुणावर तरी खेकसली, “आरं सोडते की! मरताय काय पाच मिंटात!” मग क्लोरोस्कोपच्या, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन रंगावरून दाखवणाऱ्या, नळीत पाणी ओतल्याचा बारीक आवाज आला आणि बराच वेळ काहीच आलं नाही.

“पिवळा आलाय,” ती म्हणाली. “फिक्का. लिंबाच्या सालीवानी.”

“मग सोडा पाणी.”

चावी फिरवताना लोखंडाचा करकर आवाज माझ्यापर्यंत आला. मग तिच्या आवाजातली घाई ओसरली.

“पर ताई, सकाळी तुमच्याच पानावर एक होतं ते?”

“ते नव्या आवृत्तीसाठी होतं. तुमच्याकडे जुनी आहे.”

“मग तसं लिवायचं की.”

“हो,” मी म्हटलं.

“बरं, चला. उरसाला कधी आलात तर या घरला. मुजावराचं घर कुनीबी दावंल.”

फोन बंद झाला. सुलभाताईंनी माझ्या हातातून तो काढून घेऊन टेबलावर ठेवला, कारण मी तो तसाच कानाला धरून होते. मी तांबवेकर सरांना मेसेज केला: ‘आला. हायपोच होतं.’ त्यांचं उत्तर लगेच आलं: ‘बरं. मी वर्गावर जातोय.’

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी मला वाटलं होतं की काम संपलं. रुक्साना मुजावर नावाच्या एका बाईसाठी आम्ही एक ओळ लिहिली, ती तिनं वाचली, गावाचं पाणी चांगलं गेलं. नंबर लगेच काढून टाकावा म्हणून मी पान उघडलं. काढण्यासाठीही मंजुरी लागणार होती, आणि ती मागायला मी सरांना मेसेज लिहू लागले.

तेवढ्यात फोन वाजला. मला वाटलं रुक्सानाचाच, काहीतरी विचारायचं राहिलं असेल. पण नंबर वेगळा होता. पुरुषाचा आवाज, दमलेला, वयस्कर.

“हॅलो, निवळी का? हितं थांबा म्हणून लिहून आलंय.”

“कुठून बोलताय?”

“जांभळवणे.”

हे नाव जयदीपच्या नऊ-दहा गावांत नव्हतं. आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. तिथं निवळी कुणी नेली, कधी नेली, आमचं पान तिथं किती दिवस कोण वाचत होतं, आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

“आम्ही थांबलोय,” तो म्हणाला. “आता पुढं?”

आणि त्याच्या आवाजाखाली फोनवर तो बारीक टुक-टुक आवाज येऊ लागला, पलीकडे आणखी कुणीतरी थांबलं असल्याचा.

सुलभाताईंनी पेन माझ्या हातात दिलं. मी विचारलं, “टीसीएल की हायपो?”